तारेतून येणारा संगणक आणि त्याचा ताबा

२० ऑक्टोबर २०२५ ला जगभरातल्या माणसांना एकाच वेळी वेगवेगळ्या अडचणी आल्या. कुणाचं स्नॅपचॅट उघडेना, कुणाचे सिग्नलवरचे निरोप पोचेनात, कुणाचा ड्युओलिंगोवरचा भाषेचा धडा अर्ध्यात अडकला, मुलांचा रोब्लॉक्स हा ऑनलाइन खेळ ठप्प झाला. या कंपन्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. मालक वेगळे, काम वेगळं. तरी सगळ्या एकदम आडव्या झाल्या, कारण त्यांनी आपली कामं एकाच घरमालकाच्या जागेत थाटली होती. ती जागा म्हणजे ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस या कंपनीची अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियातली संगणक-केंद्रं.

बिघाड तसा बारीक होता. इंटरनेटवर एका संगणकाला दुसरा शोधायचा तर नावावरून पत्ता सांगणारी वही लागते, फोनच्या डिरेक्टरीसारखी. ही वही आपोआप अद्ययावत ठेवणाऱ्या दोन प्रक्रिया एकमेकींच्या पायात आल्या आणि एका महत्त्वाच्या डेटाबेसच्या नावापुढचा पत्ता कोरा झाला. डेटाबेस शाबूत होता, त्याच्याकडे जाण्याची वाट तेवढी पुसली गेली. मग त्याच्यावर टेकलेल्या सेवा, त्या सेवांवर टेकलेल्या आणखी सेवा, अशी सगळी उतरंड कोसळली. सारं सुरळीत व्हायला जवळजवळ पंधरा तास गेले. नऊ दिवसांनी मायक्रोसॉफ्टच्या अझूर या अशाच भाड्याच्या सेवेवर मोठा बिघाड झाला. १८ नोव्हेंबरला क्लाउडफ्लेअर या, संकेतस्थळांची ये-जा सांभाळणाऱ्या कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि त्याची झळ एक्स व चॅटजीपीटीपर्यंत पोचली. महिन्याभरात तिसऱ्यांदा लोक विचारत होते: आपण सगळे एकाच खुंटीला कधी टांगले गेलो?

क्लाउड म्हणजे नक्की काय?

नावात ढग असला तरी क्लाउड जमिनीवरच असतो. प्रचंड मोठ्या, खिडक्या नसलेल्या इमारती, आत कपाटांमध्ये रचलेले हजारो संगणक, त्यांना थंड ठेवणारी यंत्रणा आणि बाहेर जाणाऱ्या काचतंतूंच्या तारा. अशा इमारतीला डेटा सेंटर म्हणतात आणि आतल्या संगणकांना सर्व्हर. आपण फोनवर फोटो उघडतो तेव्हा तो बहुतेक वेळा फोनमध्ये नसतोच. शेकडो किंवा हजारो किलोमीटरवरच्या कपाटातून तो येतो. फोन म्हणजे खिडकी, दृश्य पलीकडे आहे.

या व्यवस्थेमागची कल्पना अशी: प्रत्येकाने संगणक विकत घेऊन सांभाळण्यापेक्षा गणनशक्ती, म्हणजे हिशोब करण्याची आणि माहिती साठवण्याची ताकद, मध्यवर्ती ठिकाणी तयार व्हावी, तारेतून घरोघरी यावी आणि जेवढी वापरली तेवढ्याचंच बिल यावं. पाणी किंवा वीज येते तशी.

कल्पना नवी नाही. १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या शताब्दी समारंभात संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी हेच मांडलं होतं. टेलिफोनची जशी सार्वजनिक सेवा आहे, तशी एक दिवस संगणनाचीही होऊ शकेल, असं ते म्हणाले. त्याच वर्षी त्याच संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूने एकच महागडा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत करून दाखवली. संगणक प्रत्येकाला क्षणाचा बारीकसा तुकडा देई आणि इतक्या वेगाने फिरे, की प्रत्येकाला वाटे, हा माझ्याच एकट्याच्या कामाला जुंपला आहे.

पुढे संगणक स्वस्त आणि लहान झाला, टेबलावर येऊन बसला. दोन-तीन दशकं असं वाटलं, की मध्यवर्ती यंत्राचा जमाना कायमचा गेला. प्रत्येकाची स्वतःची विहीर झाली, मग नळ कशाला? नंतर इंटरनेटच्या तारा वेगवान झाल्या आणि पारडं पुन्हा फिरलं. २००६ च्या मार्चमध्ये ॲमेझॉनने माहिती साठवण्याची जागा भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ताशी भाड्याने संगणक. आज जगातल्या या बाजारपेठेचा निम्म्याहून मोठा वाटा ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल या तीन कंपन्यांकडे आहे.

हे विजेच्या वाटेने कसं गेलं

थॉमस एडिसन यांचं न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं वीज केंद्र ४ सप्टेंबर १८८२ ला सुरू झालं. त्याची वीज आसपासच्या थोड्याशा भागापुरतीच पोचत असे. त्यामुळे मोठे कारखाने आणि हॉटेलं आपापल्या आवारात जनित्र बसवत, ते चालवायला माणसं ठेवत. ते स्वाभाविकही होतं. ज्याच्यावर आपला धंदा उभा आहे ती गोष्ट दुसऱ्याच्या हातात कोण देईल?

हे चित्र पालटण्यात सॅम्युएल इन्सल यांचा वाटा मोठा. एकेकाळी ते एडिसन यांचे सचिव होते, १८९२ मध्ये शिकागोतल्या वीज कंपनीचे प्रमुख झाले. त्यांनी ओळखलेली गोष्ट साधी आहे, पण इथे जरा थांबायला हवं, कारण क्लाउडचं सगळं अर्थशास्त्र तिच्यातच आहे. वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवता येत नव्हती, म्हणून सर्वांत जास्त मागणीच्या तासाला पुरेल एवढं यंत्र उभारावं लागे. बाकीचे तास ते रिकामं. घरांना दिवे लागतात संध्याकाळी. कारखान्यांना वीज लागते दिवसा. ट्रामला लागते सकाळी कामावर जाताना आणि सायंकाळी परतताना. प्रत्येकाने आपलं यंत्र घेतलं तर तीन यंत्रं आणि तिन्ही अर्धा वेळ स्वस्थ. तिघांनी एकच वापरलं तर मागणीचे उंचवटे एकमेकांच्या खड्ड्यात बसतात आणि त्याच यंत्रात कितीतरी जास्त काम होतं. मग दर उतरवता येतो, दर उतरला की गिऱ्हाइकं वाढतात, गिऱ्हाइकं वाढली की उंचवटे आणखी सपाट होतात.

आता वीज काढून तिथे संगणक ठेवा. निकालाच्या दिवशी परीक्षा मंडळाच्या संकेतस्थळावर झुंबड उडते, वर्षाचे इतर दिवस तिथे शुकशुकाट असतो. हिशोबाचं काम महिनाअखेरीस वाढतं. चित्रपट दाखवणाऱ्या सेवेला रात्री गर्दी, कचेरीच्या ईमेलला सकाळी. प्रत्येकाने आपल्या सर्वाधिक गर्दीच्या तासाला पुरतील एवढे सर्व्हर विकत घेतले तर ते बहुतेक काळ नुसते गरम होत बसतील.

एका खऱ्या संगणकाचे अनेक भाग पाडून प्रत्येक भाडेकरूला स्वतंत्र संगणकाचा भास देणारं सॉफ्टवेअर आलं आणि ही वाटणी शक्य झाली. आभासी यंत्र म्हणतात त्याला. एकाच इमारतीत भिंती घालून खोल्या पाडाव्यात, तसं. शेजारच्या खोलीत कोण आहे हे भाडेकरूला दिसत नाही.

फायदा खरा आहे

या व्यवस्थेवर मी पुढे टीका करणार आहे, म्हणून आधी स्वच्छ सांगतो: तिने दिलेलं स्वातंत्र्य मोठं आहे. एप्रिल २०१२ मध्ये फेसबुकने इन्स्टाग्राम विकत घेण्याची घोषणा केली तेव्हा त्या कंपनीत फक्त १३ माणसं होती आणि वापरणारे सुमारे ३ कोटी. स्वतःची संगणक-केंद्रं बांधावी लागली असती तर १३ जणांना हे जमलंच नसतं. त्यांचं काम ॲमेझॉनच्या भाड्याच्या यंत्रांवर चालत होतं. आज एखाद्या संशोधकाला एका रात्रीपुरते हजार संगणक घेऊन सकाळी परत करता येतात. विद्यापीठाकडे पैसा नाही म्हणून जी गणितं पूर्वी सुटलीच नसती, ती आता सुटतात.

त्याच १३ या आकड्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहायला हवं. इतक्या थोड्या माणसांत इतकी मोठी सेवा चालते, तेव्हा मिळकतही थोड्याच हातांत जमते. संस्थांमधल्या सर्व्हरच्या खोल्या बंद झाल्या आणि तिथे केबल जोडणाऱ्या, रात्री-अपरात्री डिस्क बदलणाऱ्या माणसांचं काम दूर कुठेतरी गेलं किंवा नाहीसं झालं. नवीन कामं निघाली, पण ती बहुधा त्याच माणसांना आणि त्याच गावांत मिळाली नाहीत.

विजेची तुलना जिथे तुटते

“वीज आपण बाहेरून घेतो, त्यात कुठे बिघडलं? मग संगणनाला का घाबरायचं?” हा प्रश्न नेहमी येतो आणि तो रास्त आहे.

फरक असा की वीज एकेरी आहे. ती येते, दिवा लावते, संपते. आपल्याकडून परत जातो तो मीटरचा आकडा. दिव्याखाली मी पत्र लिहितो की औषधाची चिठ्ठी वाचतो हे वीज केंद्राला समजत नाही. संगणन दुहेरी आहे. ते वापरायचं तर आपलं पत्रच पलीकडे पाठवावं लागतं, औषधाची चिठ्ठीही. ती तिथेच राहते. वीज कंपनी बदलली तर जुनं युनिट आणि नवं युनिट सारखंच. क्लाउड बदलायचा तर वर्षानुवर्षांच्या फायली, त्यांच्या जोडण्या, त्या विशिष्ट कंपनीच्या पद्धतीने लिहिलेले प्रोग्राम, सगळं उचलावं लागतं. नळजोडणी बदलणं आणि भरलं घर हलवणं यात जेवढं अंतर आहे तेवढं इथे आहे.

आणि जिथे आपल्या वस्तू ठेवल्या त्या घराची किल्ली दुसऱ्याकडेही असते. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने किंडल या वाचनयंत्रावरून लोकांनी पैसे देऊन घेतलेली काही ई-पुस्तकं दुरूनच पुसून टाकली. विकणाऱ्याकडे त्यांचे हक्क नव्हते, हे कारण खरं होतं, पैसेही परत केले गेले. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांनी नंतर माफी मागितली. तरी लोकांना धक्का बसला तो यामुळे, की कपाटातलं पुस्तक रात्रीत नाहीसं करता येतं हे त्यांना तोवर माहीतच नव्हतं.

त्याहून गंभीर प्रसंग जुलै २०२५ चा. युरोपीय संघाने नायरा एनर्जी या भारतीय तेलशुद्धीकरण कंपनीवर निर्बंध घातले. तिच्यात रशियाच्या रोझनेफ्ट या तेल कंपनीचा मोठा हिस्सा आहे. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने या कंपनीच्या सेवा थांबवल्या. कर्मचाऱ्यांचे ईमेल बंद झाले, पैसे भरून घेतलेली साधनं आणि स्वतःचाच डेटा हाताबाहेर गेला, अशी तक्रार घेऊन नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. निर्बंध योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे. माझा मुद्दा एवढाच, की एका देशातल्या कंपनीचं रोजचं कामकाज दुसऱ्या खंडातल्या निर्णयामुळे तिसऱ्या देशातली कंपनी थांबवू शकली, आणि त्यासाठी कुणाला त्या आवारात पाऊलही टाकावं लागलं नाही.

“पण आपल्या घरचा संगणक तरी कुठे सुरक्षित असतो?”

बरोबर आहे. डिस्क जळते, लॅपटॉप चोरीला जातो, विषाणू शिरतो. मोठ्या कंपन्यांची सुरक्षा साध्या माणसाच्या सुरक्षेपेक्षा कितीतरी चांगली असते, हे मान्य करायलाच हवं. ज्याच्याकडे आपल्या फोटोंची एकच प्रत आहे आणि तीही जुन्या डिस्कवर, त्याने क्लाउड घेतला तर तो शहाणपणाच केला.

पण क्लाउडवर ठेवलं म्हणजे आपोआप दुसरी प्रत झाली, हा समज घातक आहे. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि पाच मजली इमारत बेचिराख झाली. ज्यांनी वेगळ्या ठिकाणी प्रत ठेवण्याची सोय घेतली नव्हती, त्यांच्यापैकी अनेकांचा डेटा कायमचा गेला. कागदावर ते सगळे क्लाउडवरच होते.

याच्या उलट उदाहरण मे २०२४ चं. ऑस्ट्रेलियातला युनिसुपर हा निवृत्तिवेतन निधी, पाच लाखांहून जास्त सदस्य. गूगलकडे त्यांची यंत्रणा उभारताना एक रकाना कोरा राहिला, त्यामुळे तिची मुदत एक वर्षाची धरली गेली आणि वर्ष भरल्यावर ती आपोआप पुसली गेली. निधीने दोन वेगळ्या जागी यंत्रणा ठेवली होती, पण दोन्ही एकाच कंपनीकडे असल्याने दोन्ही गेल्या. सदस्यांना आठवडाभर आपलं खातं पाहता आलं नाही. निधीने दुसऱ्या एका कंपनीकडेही प्रती ठेवल्या होत्या, आणि सेवा पुन्हा उभी करताना त्या कामी आल्या.

लहान चूक मोठी होते ती इथे. पूर्वी एका कचेरीत कुणी चुकीची कळ दाबली तर त्या कचेरीचं काम थांबे. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने दुरुस्तीसाठी आज्ञा देताना तिच्यातला एक तपशील चुकवला, ठरल्यापेक्षा जास्त सर्व्हर बाजूला झाले आणि असंख्य संकेतस्थळं काही तास अडली. सेवा चालू आहे की बंद हे ग्राहकांना दाखवणारा कंपनीचा स्वतःचा फलकही त्याच यंत्रणेवर विसंबून होता, त्यामुळे तोही बदलता येईना. अपघातांची संख्या कदाचित कमी झाली असेल. पण जो होतो तो सगळ्यांचा एकदम होतो, आणि त्या वेळी मदतीला येणारा शेजारीही त्याच अंधारात असतो.

“पटत नसेल तर दुसरीकडे जा”

बाजाराचं हे उत्तर ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात डेटा आत घेणं बहुधा फुकट आणि बाहेर काढायला पैसे, अशी या धंद्याची रीत बरीच वर्षं होती. आत यायला दार उघडं, निघताना मोजणी. जेवढा जास्त काळ राहाल तेवढं सामान जास्त, म्हणजे निघण्याचा खर्चही जास्त.

निघता येतं, हे ड्रॉपबॉक्सने दाखवलं. सुरुवातीला त्यांचा डेटा ॲमेझॉनकडे होता. वापरकर्त्यांचा ९० टक्क्यांहून जास्त डेटा आता स्वतःच्या यंत्रांवर आहे, असं त्यांनी मार्च २०१६ मध्ये जाहीर केलं. पुढच्या दोन वर्षांत त्यांचा खर्च सुमारे साडेसात कोटी डॉलरने कमी झाला. कारण सरळ आहे. महिन्यातून दोनदा प्रवास करणाऱ्याने गाडी भाड्याने घ्यावी, रोज दिवसभर फिरणाऱ्याला स्वतःची परवडते. मात्र असं निघायला ड्रॉपबॉक्सएवढं बळ लागतं. एखादं रुग्णालय किंवा ग्रंथालय ते कुठून आणणार?

म्हणून युरोपीय संघाने कायदा केला. १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या त्यांच्या डेटा कायद्यानुसार क्लाउड कंपनीने ग्राहकाला दुसरीकडे जाताना अडथळे आणायचे नाहीत, आणि १२ जानेवारी २०२७ पासून या स्थलांतरासाठी शुल्कही घ्यायचं नाही. हा कायदा येतो आहे म्हटल्यावर २०२४ मध्येच गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टने कायमचं सोडून जाणाऱ्यांचं डेटा बाहेर काढण्याचं शुल्क माफ केलं. नियमाच्या नुसत्या चाहुलीने दार उघडलं, म्हणजे ते आधीही उघडता आलं असतं.

ढगाचं वजन जमिनीवर पडतं

आयर्लंडमध्ये २०१५ साली मीटरवर मोजलेल्या विजेपैकी ५ टक्के वीज डेटा सेंटरांना लागत होती. २०२३ मध्ये हा वाटा २१ टक्के झाला. त्या वर्षी देशातल्या शहरी घरांनी सगळी मिळून १८ टक्के वापरली. म्हणजे शहरांत राहणाऱ्या माणसांपेक्षा संगणकांच्या कोठारांना जास्त वीज गेली, आणि त्यातले बरेच संगणक आयर्लंडबाहेरच्या लोकांची कामं करत होते.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांना सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज लागली. जगाच्या एकूण वापराच्या साधारण दीड टक्का. आकडा लहान वाटतो, पण तो सगळीकडे सारखा पसरलेला नाही. उत्तर व्हर्जिनिया किंवा डब्लिनसारख्या थोड्या ठिकाणी तो एकवटतो आणि तिथल्या तारांवर, पाण्यावर, जमिनीवर ताण येतो. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे ही भूक आणखी वाढली आहे. २०३० पर्यंत हा वापर दुपटीहून जास्त होईल, असा त्याच संस्थेचा अंदाज आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड इथली २०१९ पासून बंद असलेली अणुभट्टी पुन्हा सुरू व्हावी म्हणून तिची वीज वीस वर्षं घेण्याचा करार केला. जिथे १९७९ मध्ये अपघात झाला ती भट्टी वेगळी, ही तिची शेजारीण.

सेवा म्हणायचं तर सेवेची बंधनंही हवीत

इन्सल यांची गोष्ट अर्धीच सांगितली होती. त्यांनी एकावर एक कंपन्या रचून वीज धंद्याचं साम्राज्य उभारलं आणि १९३२ मध्ये मंदीच्या तडाख्यात ते कोसळलं. हजारो छोट्या गुंतवणूकदारांची पुंजी बुडाली. १९३५ मध्ये अमेरिकेने अशा साखळी-कंपन्यांना लगाम घालणारा कायदा केला. विजेच्या सेवेला आज जी बंधनं आपण गृहीत धरतो, म्हणजे दराला कुणाची तरी मंजुरी हवी, मागेल त्याला जोडणी द्यावी, तोडण्याआधी नोटीस द्यावी, ती विजेसोबत आपसूक आली नाहीत. लोकांनी आणि सरकारांनी ती अनेक दशकांत, बऱ्याचदा नुकसान सोसून, घालून घेतली.

संगणन अजून त्या टप्प्यावर आलेलं नाही. सेवा विजेसारखी झाली, करार मात्र अजून भाड्याच्या खोलीसारखा आहे, घरमालकाच्या सोयीने लिहिलेला. कडक नियमांनी नवे प्रयोग मंदावतील, असं काहीजण म्हणतात. ज्या गोष्टी मागायच्या आहेत त्या पाहिल्या तर ही भीती मला पटत नाही: बंद करण्याआधी सूचना आणि दाद मागायची जागा, डेटा वाचता येईल अशा स्वरूपात परत, आणि रुग्णालयं, बँका, आपत्कालीन दूरध्वनी यांच्यासाठी एकाहून अधिक आधार. या अटींमुळे इन्स्टाग्रामच्या त्या १३ माणसांचं कुठलंच काम अडलं नसतं.

कायदे होईपर्यंत आपल्या हातात आहे ते असं. ज्या सेवेत तुमचे फोटो, हिशोब किंवा संस्थेची कागदपत्रं आहेत, तिच्या अटी उघडा आणि तीन गोष्टी शोधा. कंपनी खातं कोणत्या कारणाने बंद करू शकते. बंद झाल्यावर डेटा किती दिवस राहतो. सगळा डेटा एकदम उतरवून घेण्याची सोय आहे का. तिसरीचं उत्तर हो असेल तर आजच एकदा तो उतरवून वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून फायली खरंच उघडतात का ते बघा.